मातांच्या चर्चामंडळाचा इतिहास लिहिताना : अनुभव धागा

जुन्या मंडळांचा इतिहास जुळवणाऱ्यांनी आपापली रीत इथे लिहावी. आठवणींचा धागा वेगळा आहे, इथे फक्त कामाचं.

वहीवाली
अध्यक्षांची यादी शेवटी करा, तिच्यातून काही कळत नाही. इतिवृत्ताच्या वह्या घेऊन चार रकाने आखा : तारीख, विषय, उपस्थिती, विषय कुणी सुचवला. विषय एकाखाली एक उतरवले की मंडळाची चाल दिसते. बाळाची झोप, मग शाळा, मग दहावी, मग घरातल्या म्हाताऱ्यांची दुखणी असे विषय सरकत गेले असतील, तर त्याच बायका मंडळाबरोबर मोठ्या होत गेल्या, नव्या आया फारशा आल्या नाहीत. तान्ह्या बाळांचे विषय अधूनमधून परत येत असतील तर भरती चालू होती. ‘एकमताने मंजूर’वर मात्र विसंबू नका. तोच ठराव दोन सभांनी पुन्हा आला असेल तर पाणी मुरतंय.

स्थापनेच्या तारखेवरून हमखास वाद होतो. पहिली बैठक, नाव ठरलं तो दिवस आणि नोंदणी झाली असल्यास तिची तारीख, तिन्ही छापा.

कागदपत्रे
लॅमिनेशन नको, ते परत सोडवता येत नाही. चिकटपट्टीचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. गंजक्या पिना आधी काढा. स्कॅन करताना कागद ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके), फोटो ६००. फोटोमागे नावं मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

ध्वनिमुद्रण
जुन्या सदस्यांना वर्ष विचारलं की चुकीचं सांगतात. ‘तेव्हा थोरली कितवीत होती?’ विचारा, इयत्ता बहुतेक बरोबर येते. मुलीच्या जन्मसालावरून हिशेब करा, एखादं वर्ष इकडेतिकडे धरून. दोघींना पहिल्यांदाच एकत्र बसवू नका. एकीने ठासून सांगितलं की दुसरीलाही तसंच आठवायला लागतं. मूळ फाइल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारा प्रकार) ठेवा.

संपादन
एकच बाई हजेरीत दोन नावांनी सापडते, लग्नानंतर नाव बदललेलं असतं. नावं ताडून न पाहता मोजलंत तर सदस्यसंख्या फुगते.

परवानगी तीन वेगवेगळ्या घ्या : ध्वनिमुद्रणाची, छापण्याची, नाव देण्याची. आणि एक राहतंच. आयांनी विश्वासाने सांगितलेलं बिछाना ओला करणं, नापास होणं हे ज्यांचं, ती मुलं आता मोठी आहेत. त्यांना विचारा, नाहीतर तो मजकूर गाळा.