मदत हवी आहे: २०१० मधला हॅकिंटॉश रूट डिव्हाइसपाशी अडकलाय, काकांची तानपुऱ्यांची रेकॉर्डिंग आत आहेत

नमस्कार मंडळी,

मी मिरजेची. घरात तंतुवाद्यं बनवायचं काम चालतं. काका जवारी करतात, म्हणजे घोडी घासून तारेचा गुंजता आवाज जुळवतात. जवारी लागलेला तानपुरा गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी तो पाच मिनिटं छेडून रेकॉर्ड करून ठेवायचा, हा त्यांनी २०१० पासून पाळलेला नेम. भोपळा कुठला, पट्टी कोणती, तारीख काय, सगळं फाइलच्या नावात. ही रेकॉर्डिंग लॉजिक प्रो ९ या ॲपलच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि लॉजिक आहे एका असेंबल केलेल्या पीसीवर, ज्यात मॅकची सिस्टिम बसवली आहे, म्हणजे हॅकिंटॉशवर. काकांची नजर आता अधू झाली आहे. जवारी अजूनही कानाने आणि बोटाने करतात, पण पडद्यावरचं वाचणं जमत नाही, म्हणून हे माझ्याकडे आलं.

मशीन: कोअर आय-फाइव्ह ७५०, पी-५५ चिपसेटचा बोर्ड, एनव्हिडिया ९८०० जीटी, एकच साटा हार्ड डिस्क, सिस्टिम ॲपलची स्नो लेपर्ड १०.६.८.

दोन वर्षं ते बंदच होतं. गेल्या आठवड्यात चालू केलं तर सुरुवातीचा कॅमेलियनचा मेनू नीट येतो, डिस्कचं नाव दिसतं. एंटर दाबलं की सफरचंद येतं, चाक फिरत राहतं आणि मग तिरकी रेघ मारलेलं वर्तुळ. सुरू होतानाचे संदेश दिसावेत म्हणून मेनूत ‘-व्ही’ टाकून पाहिलं तर शेवटी ‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ ही एकच ओळ पुन्हा पुन्हा. बायोसमधली तारीखही कितीतरी वर्षं मागे गेली आहे.

काकांच्या वहीत शेवटच्या पानावर एवढंच आहे: ‘आयबूट सीडी, मग विकतची डीव्हीडी, १०.६.८ कॉम्बो, मल्टीबीस्ट. इझीबीस्ट नको, यूजरडीएसडीटी. फाइल डेस्कटॉपवर ठेवणे.’ मला यातला एकही शब्द कळत नाही. हल्ली जिथे बघावं तिथे ओपनकोअर टाका म्हणतात. मधे क्लोव्हर नावाचंही काहीतरी दिसतं. हे एकाच गोष्टीचे प्रकार आहेत की एकामागून एक आलेले? आणि ओपनकोअर टाकलं तर आतलं जाईल का? एका दुकानात दाखवलं, ते म्हणाले फॉरमॅट मारावा लागेल. तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय.

विश्रामबागकर:

ताई, फॉरमॅट अजिबात करू देऊ नका आणि ओपनकोअरही टाकू नका. आधी डिस्क काढून दुसऱ्या पीसीला जोडा आणि पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालवा, म्हणजे काही इन्स्टॉल करावं लागत नाही. मॅकच्या एचएफएस प्लस पद्धतीने मांडलेली, जर्नल (बदलांची नोंद) असलेली डिस्क लिनक्स नुसती वाचायला उघडतं, म्हणजे चुकून काही लिहिलं जायची भीती नाही. लॉजिकच्या प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरात ‘ऑडिओ फाइल्स’ असं फोल्डर असतं, आवाज त्यात. ते पहिलं दुसरीकडे उतरवा. मशीन सुरू होवो न होवो, काकांचं काम वाचलं पाहिजे.

आता दुखणं कुठं आहे ते. तारीख मागे गेली याचा अर्थ बोर्डावरचा सेल संपलाय आणि बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर गेल्यात. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, मुळात आयडीई ही जुनी असायची, हॅकिंटॉशला एएचसीआय ही नवी लागते. कॅमेलियन हा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. तो डिस्क वाचतो तो बायोसच्या मदतीने, त्यामुळे मेनू येतो, कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभाही चढतो. पण कर्नल एकदा चढलं की ते बायोसला विचारत नाही, स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क शोधतं. आयडीई मोडमधली डिस्क त्याला सापडत नाही आणि ते वाट बघत बसतं. तुमची ती ओळ हेच सांगतेय. सीआर २०३२ सेल बदला, बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय करा, तारीख लावा.

क्रमाबद्दल विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करायचो आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर रात्री जागवल्यात.

ॲपलने इंटेलकडे जाणार म्हणून जाहीर केलं जून २००५ मध्ये, इंटेलवाले मॅक आले जानेवारी २००६ मध्ये. सुरुवातीला लोक सिस्टिमच फोडून, कर्नल बदलून तयार डीव्हीडी वाटायचे. जेएएस, मग कॅलीवे, आयअ‍ॅटकॉस ही त्या डीव्हीडींची नावं. चालायचं, पण ॲपलचं अपडेट आलं की बदललेलं कर्नल पुसलं जायचं आणि मशीन मेलं. शिवाय त्या डीव्हीडीत कुणी काय घातलंय हे कळायला मार्ग नव्हता.

खरं वळण आलं ते बूट-१३२ मुळे. डार्विनचा बूटलोडर ॲपलने स्वतःच खुला केला होता, त्याची ही १३२ क्रमांकाची आवृत्ती. डेव्हिड इलियट यांनी ती घेऊन असं केलं की विकतच्या डीव्हीडीला हातच लावायचा नाही, जे जोडायचं ते सुरू होताना मेमरीत जोडायचं. कॅमेलियन याच घराण्यातला. त्यामुळेच तुमच्या डिस्कवर हे जोडायचं सामान ठेवणारं ‘एक्स्ट्रा’ नावाचं फोल्डर असणार. फेकएसएमसी नावाची केक्स्टही (ड्रायव्हरसारखी फाइल) असेल. खऱ्या मॅकमध्ये एसएमसी चिप असते, फाइंडर आणि डॉकसारखे भाग कूटबद्ध असतात आणि त्यांची किल्ली त्या चिपकडून येते. फेकएसएमसी त्या चिपचं सोंग घेते.

२०१० मध्ये आयबूट आणि मल्टीबीस्ट आले. वहीतलं पान त्याच काळातलं. आयबूटच्या सीडीने सुरू करायचं, सीडी काढून डीव्हीडी घालायची, मग १०.६.८ चं कॉम्बो अपडेट. शेवटी मल्टीबीस्ट: टिक मारा, बाकीचं ते करतं. बोर्डासाठी दुरुस्त केलेली डीएसडीटी फाइल नसेल तर इझीबीस्ट, असेल तर ती डेस्कटॉपवर ठेवून यूजरडीएसडीटी. काकांनी दुसरा रस्ता घेतला, म्हणजे त्यांनी बोर्डाचा नीट अभ्यास केला होता. डीएसडीटी म्हणजे बोर्डावर काय कुठे आहे ते सिस्टिमला सांगणारा तक्ता. ती फाइलही जपून ठेवा, ‘एक्स्ट्रा’मध्ये सापडेल. मल्टीबीस्टने हजारो लोकांना हे जमवून दिलं, पण ते ध्वनीच्या वगैरे फाइली सिस्टिमच्याच फोल्डरात टाकायचं आणि नेमकं काय कुठे टाकलं हे टिक मारणाऱ्याला कळायचं नाही. 

स्नो लेपर्डनंतरची लायन ही सिस्टिम २०११ मध्ये डीव्हीडीऐवजी ॲप स्टोअरवरून आली, म्हणून पेनड्राइव्ह बनवायला युनिबीस्ट. मग बायोसऐवजी यूईएफआय असलेले बोर्ड आले आणि क्लोव्हर हा नवा बूटलोडर आला. सगळी मांडणी डिस्कच्या ईएफआय नावाच्या वेगळ्या छोट्या भागात, कॉन्फिग-पीलिस्ट या एका फाइलभोवती. २०१९ मध्ये त्याच्यानंतरचा बूटलोडर ओपनकोअर आला. तो स्वतःहून काही अंदाज बांधत नाही, प्रत्येक गोष्ट तुम्ही लिहून द्यायची. शिकायला जड, पण काय केलंय ते डोळ्यांसमोर राहतं. मला सगळ्यात आवडलेलं साधन तेच. तुमच्या मशीनवर मात्र त्याचं काही काम नाही. चालतं घड्याळ उघडू नका.

एसटी_स्टँड_मिरज:

वरचं निदान बरोबर वाटतंय. दुकानांतही ही सवय जुनी आहे. विंडोज एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नसायचा. एकतर एफ-६ दाबून फ्लॉपी द्या, नाहीतर एनलाइटने ड्रायव्हर घालून नवी सीडी बनवा. दोन्ही नको म्हणून सरसकट मोड आयडीई करून टाकायचे. त्यामुळे दुकानात काही बदललंय का तेही विचारा.

आणि पुढचा विचार आत्ताच करा. ॲपलच्या परवान्यात त्यांची सिस्टिम त्यांच्याच मशीनवर चालवायची अट आहे. सायस्टार कंपनी असे पीसी विकत होती, तिच्यावर डिसेंबर २००९ मध्ये कोर्टाने बंदी घातली. शिवाय टाहो ही इंटेलसाठी मॅकच्या सिस्टिमची शेवटची आवृत्ती, असं ॲपलने २०२५ मध्ये सांगून टाकलंय. वापरलेला मॅक मिनी घ्या. लॉजिक ९ चे प्रोजेक्ट नव्या लॉजिकमध्ये उघडतात, फक्त ३२ बिटचे जुने प्लगइन चालणार नाहीत.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. आधी लिनक्सवरून सगळं उतरवलं, ‘एक्स्ट्रा’ फोल्डरसकट. मग सेल बदलला, साटा मोड बघितला तर खरंच आयडीई. एएचसीआय केलं आणि दुसऱ्या मिनिटाला डेस्कटॉप समोर.

पहिलीच उघडलेली फाइल २०१२ मधली, काळी चारचा तानपुरा. मी काकांना हाक मारली नव्हती. ते कारखान्यातून हात पुसत आत आले, सगळी पाच मिनिटं उभ्याने ऐकलं आणि म्हणाले, “खर्जाची जवारी जरा जास्तच उघडी राहिली होती याची. तेव्हा कळलं नाही.”

आता ते रोज संध्याकाळी चार-चार फाइली ऐकतात, मी बाजूला बसून ते सांगतात ते लिहून घेते. मॅक मिनी बघायला रविवारी सांगलीला जाणार आहे. काकांनी आवाजावर एक ३२ बिटचा इक्वलायझर लावून ठेवलाय, त्याच्यासकटचा आवाज आत्ताच या मशीनवरून वेगळा काढून घ्यावा का?

विश्रामबागकर:

हो. दोन्ही काढा, इक्वलायझरसकट आणि त्याच्याशिवाय. मूळ जो सॅम्पल रेट असेल तोच ठेवा, २४ बिट, एआयएफएफ. आणि एएचसीआयची सेटिंग काकांच्या वहीत त्याच पानावर लिहून ठेवा.