ईक्यूचा कटऑफ १००: मग ९६ वाल्याला कशासाठी घरी पाठवायचं?

मोजपट्टी:
काल 'भरतीवाली' यांनी लिहिलं की बँकेच्या काउंटरवर, रिसेप्शनवर आणि वसुलीच्या फोनवर माणूस घेताना ईक्यू (भावनिक बुद्ध्यांक) चाचणी सक्तीची करा. १०० च्या खालचे अर्ज बाजूला काढा, कारण "यशात ८० टक्के वाटा ईक्यूचा". खाली सगळ्यांचं "अगदी बरोबर" वाचलं आणि राहवलं नाही.

आधी ते ८० टक्के. ईक्यूवर लिहिणाऱ्या डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकात आहे ते असं: आयुष्यातल्या यशात बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के, उरलेले ८० इतर गोष्टींचे. त्यात घरची परिस्थिती आली, नशीबही आलं. प्रशिक्षणाच्या स्लाइडवर येईपर्यंत ते सगळे ८० ईक्यूच्या नावावर चढले.

आता कटऑफ. ईक्यू-आय २.० या चाचणीत माणूस स्वतःबद्दलच्या वाक्यांवर खुणा करतो. तिची सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) १५. विश्वासार्हता ०.९ धरली (१ म्हणजे अजिबात चूक नाही), म्हणजे चांगलीच धरली, तरी मोजमापातली चूक ४.७ गुणांची. ९५ टक्के खात्री हवी तर दोन्ही बाजूंना ९ गुण सोडा. म्हणजे ९६ वाला खरा ८७ ते १०५ मध्ये कुठेही असेल. दोन उमेदवारांत फरक आहे असं म्हणायला निदान १३ गुणांचं अंतर लागतं. शिवाय सरासरीच १०० असताना १०० ची रेघ मारली की निम्मी माणसं दारातच बाद. ही कसली निवड?

भरतीवाली:
८० टक्क्यांचं वाक्य चुकलं, मागे घेते. बाकीचं नाही.

चाचणी नको म्हणता, मग आज काय चालतं ते बघा. टेबलामागे तीन साहेब. एक गाव विचारतो, दुसरा वडील काय करतात ते, तिसरा "पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?" प्रत्येक उमेदवाराला वेगळे प्रश्न, गुण शेवटी चहा पिताना ठरतात. त्यापेक्षा सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका देणं न्याय्य नाही का? अमेरिकन हवाई दलानं नव्वदच्या दशकात भरती अधिकारी निवडताना ईक्यू-आय वापरली आणि वर्षाला सुमारे ३० लाख डॉलर वाचल्याचं सांगितलं जातं. आणि स्वतःबद्दल सांगायच्या चाचण्या नको असतील तर एमएससीईआयटी ही भावना ओळखण्याची क्षमता तपासणारी चाचणी आहेच. चेहऱ्यांवरच्या भावना ओळखा, प्रसंगात काय केलं तर उपयोग होईल ते सांगा. तिथे फुशारकी चालत नाही.

तिसरी पाळी:
ताई, हवाई दलानं कुणी विकलेला आकडा कटऑफ म्हणून उचलला नव्हता. आपल्याच यशस्वी भरती अधिकाऱ्यांचे गुण आधी तपासले, कोणते पैलू त्या कामात खरंच उपयोगी पडतात ते पाहिलं आणि मग निवडीला लावले. ही पायरी आपल्याकडे कोण करतं?

ईक्यू-आयच्या स्वतःबद्दलच्या १३३ प्रश्नांत नोकरी हवी असलेला माणूस "मी दबावाखाली शांत राहतो" यावर काय खूण करणार, हे सांगायला संशोधन नको. तरी ते झालंय. चांगलं दिसायचं ठरवलं की गुण झपाट्यानं वर जातात. अहवालात खोटेपणा पकडायचा निर्देशांक असतो, पण तो "अहवाल जपून वाचा" एवढंच सांगतो. खरे गुण किती, हे त्यातून निघत नाही.

एमएससीईआयटीच्या मूळ आवृत्तीत बरोबर उत्तर कसं ठरलं? एकतर हजारो लोकांनी बहुमतानं दिलेलं, नाहीतर २१ तज्ज्ञांनी दिलेलं. म्हणजे चारचौघांसारखं उत्तर देणारा वर जातो.

शब्दपारखी:
तुम्ही दोघं आकड्यांवर भांडताय, पण उमेदवाराच्या हातात कुठल्या भाषेतला कागद पडतो? मराठी अनुवाद म्हणून जे फिरतंय ते वाचून जीव तुटतो.

"मला इतरांची काळजी वाटते." यात सहानुभूती मोजताय की चिंता? मराठीत काळजी दोन्ही. एकाच खुणेनं एकीकडे गुण वाढतात, दुसरीकडे कमी व्हायला हवेत. "मी हाताखालच्यांवर रागावतो" हे वाचून सुपरवायझर म्हणणार, कामात चूक झाली तर रागावायला नको? त्याच्या लेखी रागावणं म्हणजे बोलणी देणं. "मला राग येतो" ही वेगळी गोष्ट. 'लाज' या एका शब्दात अपराधीपणा, संकोच आणि मर्यादा कोंबलेत. आणि "मला राग आवरणं कठीण जात नाही" यापुढे "कधीच नाही" असा पर्याय! तिथे माणूस चुकणारच.

भरतीवाली:
हा शब्दांचा कीस झाला. भाषेची एवढी अडचण असेल तर चाचणी इंग्रजीत द्या.

शब्दपारखी:
कीस? गडहिंग्लजच्या शाखेत पेन्शनरांशी मराठीत बोलणारा माणूस हवाय आणि त्याला इंग्रजी प्रश्नपत्रिका? मग इंग्रजीच मोजाल आणि त्याला ईक्यू म्हणाल. एखाद्याची नोकरी जाते हो त्या कागदावर!

काम करायचंच तर असं करा. दोघांनी वेगवेगळा अनुवाद करायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्यानं तो उलटा इंग्रजीत न्यायचा. मग त्याच कामातल्या आठ-दहा जणांना एकेक वाक्य मोठ्यानं वाचायला लावून "यातून काय समजलं?" असं विचारायचं. 'काळजी'चा घोटाळा तिथेच सापडतो, उलट्या अनुवादात सापडत नाही. त्यानंतर निदान दोनशे जणांवर चाचणी घेऊन वाक्यं एकमेकांशी जुळतात का ते तपासायचं.

मोजपट्टी:
शब्दपारखींशी शंभर टक्के सहमत, आणि हे मलाच आधी सुचायला हवं होतं.

भरतीवाली, एक मात्र तुमच्या बाजूचं. २०१० मध्ये जोसेफ आणि न्यूमन या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. ज्या कामात दिवसभर भावना आवरून बोलावं लागतं तिथे एमएससीईआयटीसारख्या, क्षमतेवर आधारित चाचण्यांचा उपयोग दिसला, जिथे लागत नाही तिथे उलट परिणाम दिसला. काउंटर आणि वसुली पहिल्या प्रकारात येतात. पण तुमच्याच पोस्टखाली लोक हिशेब विभागालाही तीच चाचणी लावा म्हणतायत.

आणि काउंटरच्या खिडकीसाठीच माणूस हवा असेल तर खिडकीच उभी करा. आठ मिनिटं. समोर पेन्शनरची भूमिका करणारा माणूस, पहिलं वाक्य सगळ्यांना तेच: "दोन महिने झाले, पेन्शन नाही." खरं कारण असं, की नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिलेला नाही. उमेदवारानं त्याला बोलणं पुरं करू दिलं का, कारण विचारून काढलं का, आता कुठला कागद कुठे द्यायचा ते सांगितलं का, हे दोन निरीक्षकांनी वेगवेगळं लिहायचं. आपसात बोलण्याआधी गुण भरायचे, नाहीतर वरिष्ठाचा आकडा धाकटा उचलतो.

वसुलीवाला:
निवडीवर एवढं बोललात, कामावर कुणीच नाही. रिझर्व्ह बँकेनं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन बंद केले, महिन्याचं टार्गेट मात्र तेवढंच राहिलं. फोनवर आवाज चढतो तो त्या टार्गेटनं. १३० ईक्यूचा माणूस बसवा, तिसऱ्या महिन्यात तोही ओरडेल. मग त्याच्या अहवालात "भावनांवर ताबा कमी" असं लिहून त्यालाच प्रशिक्षणाला पाठवणार.

भरतीवाली:
टार्गेट ठरवणं माझ्या हातात नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

कटऑफ काढते. खिडकीचा प्रसंग घेते, कारण तो साहेबांना समजावता येईल. पण आधीपासून कामावर असलेल्यांना घडवण्यासाठी ३६० अंशांची चाचणी सोडणार नाही. वरिष्ठ, बरोबरीचे, हाताखालचे सगळे लिहितात, तिथे बरं दिसायचा प्रश्न येत नाही.

तिसरी पाळी:
घ्या, पण चार जणांच्या शाखेत नको. हाताखाली दोघंच असतील तर कुणी काय लिहिलं ते साहेब भाषेवरून ओळखतो आणि दुसऱ्या दिवशी रजा नामंजूर होते. एका गटात निदान तीन जणांनी भरलं नसेल तर त्या गटाचा आकडा वेगळा दाखवूच नका. आणि तो अहवाल बढतीच्या फाइलला लागला की पुढच्या वर्षी सगळे एकमेकांना पाचपैकी पाच देतील.

भरतीवाली:
तीनची अट मान्य. बढतीच्या फाइलचं वर विचारावं लागेल.

शब्दपारखी:
त्या ३६० च्या फॉर्मवर "साहेब आपल्या माणसांची काळजी करतात" असं वाक्य असेल तर तेवढं आधी बदला. "अडचण सांगितली तर साहेब ऐकून घेतात" असं लिहा.