फ्रँकफुर्टची युडेनगासे कुठे गेली?

धुळ्याची मावशी: मुलगा फ्रँकफुर्टला नोकरीला आहे, आम्ही दोघं त्याच्याकडे निघालोय. शहराच्या जुन्या नकाशात धनुष्यासारखी वाकलेली युडेनगासे, म्हणजे ज्यूंची गल्ली, दिसते. आजच्या नकाशात तिथे मोठा रस्ता आहे. आमच्या धुळ्यात गल्लीचा नंबर सांगितला की रिक्षावाला बरोबर नेतो. इथे अख्खी गल्ली कशी नाहीशी झाली? बघायला काही उरलंय का?

अमळनेरकर: मावशी, मी इथेच राहतो, आल्यावर जरूर बघा. 1462 मध्ये नगर परिषदेने सगळ्या ज्यूंना जुन्या तटाला लागून या पट्ट्यात हलवलं. लांबी सुमारे 330 मीटर, रुंदी जेमतेम तीन-चार. तीन दरवाजे, रात्री, रविवारी आणि ख्रिस्ती सणांना बंद. माणसं वाढून दोन हजारांवर गेली, पण परिषद जागा वाढवून देईना. मग एका घराची दोन झाली, मजल्यावर मजले चढले. त्यामुळेच 1711 ची आग एका दिवसात जवळजवळ सगळी गल्ली खाऊन गेली. लोकांनी ती पुन्हा बांधली. 1796 मध्ये फ्रेंच तोफांनी उत्तरेकडची घरं जाळली आणि तिथेच राहायची सक्ती मोडली. उरलेली जुनी घरं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाडली.

चोपडा_वाचक: मोकळीक मिळाल्यावर पैसेवाले लगेच निघून गेले असतील ना?

अमळनेरकर: बरेच गेले, दादा. पण रोथशिल्ड या बड्या सावकार घराण्याची आई गुटले 1849 मध्ये वारली ती गल्लीतल्या घरातच. मुलं युरोपभर सावकारी करत होती, तरी तिने घर सोडलं नाही. ते घर दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकलं, बॉम्बफेकीत गेलं.

मावशी, माझा जीव तुटतो तो पुढच्या गोष्टीने. 1987 मध्ये इमारतीसाठी खोदताना घरांचे पाये आणि स्नानकुंडं सापडली. लोकांनी जागा अडवून धरली, मोठं आंदोलन झालं. तरी पाचच घरांचे पाये वाचले. जे एकदा हाताला लागलं होतं ते पुन्हा उचकटून टाकायला नको होतं. वाचलेले पाये त्याच इमारतीच्या तळघरात आहेत, 1992 पासून तिथे म्युझियम युडेनगासे आहे. शेजारच्या जुन्या कब्रस्तानाच्या भिंतीवर नाझींनी मारलेल्या हजारो फ्रँकफुर्टकर ज्यूंची नावं आहेत, एकेका माणसाचा छोटा ठोकळा. तिथेही थांबा. सोमवारी म्युझियम बंद असतं, तेवढं बघून बेत करा.