शब्दचर्चा: 'रेशियल इक्विटी'ला मराठीत काय म्हणावं?

तिसवाडीकर: पणजीतल्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी विषयशीर्षकांच्या, म्हणजे सूचीत पुस्तकाला द्यायच्या विषयनावांच्या, धोरणाचा मराठी मसुदा करायचा आहे. 'रेशियल इक्विटी'वर गाडी अडली. 'वर्णसमता' लिहिलं की आधी चातुर्वर्ण्य आठवतं. 'वांशिक समानता' म्हटलं तर इक्वॅलिटी कुठे ठेवू?

सत्तरीकर: 'वंश'च घ्या. संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद १५ मध्ये वंश आणि जात वेगवेगळे दिलेत. इक्विटीला 'समन्याय'. समन्यायी पाणीवाटप सगळ्यांना कळतं.

रायबंदर: 'समन्याय' कोर्टातच शोभतो. 'समता' लिहा नि सुटा. मराठी शुद्ध राखायच्या नादात वाचणारा पळून जातो.

सत्तरीकर: शोधनियतकालिकात लेख छापायला सगळ्या लेखकांना प्रकाशनशुल्क सारखंच, ही समता. ज्यांना परवडत नाही त्यांना माफ, हा समन्याय. फरक पैशांत दिसतो की.

रायबंदर: ती माफी लेखकाचा देश बघून देतात. तो देशांचा प्रश्न झाला, वंशाचा कुठे?

मांडवी: नाव काहीही द्या, काम सूचीतल्या नोंदीत होतं. ड्युई वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची पद्धत, वापरणारी अमेरिकेतली ग्रंथालयं कृष्णवर्णीयांची पुस्तकं ३२५ आणि ३२६ मध्ये, म्हणजे वसाहती आणि गुलामगिरीत, कोंबायची. हॉवर्ड विद्यापीठात ग्रंथपाल डोरोथी पोर्टर यांनी ती विषयवार लावली. कविता कवितेत गेली. २०२१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे जिची विषयशीर्षकं अनेक ग्रंथालयं वापरतात त्या अमेरिकी ग्रंथालयाने, 'इल्लीगल एलियन्स' (बेकायदा परके) काढून 'नॉनसिटिझन्स' (नागरिक नसलेले) आणि 'इल्लीगल इमिग्रेशन' (बेकायदा स्थलांतर) अशी दोन शीर्षकं केली.

कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत शीर्षक बदलताना आधी प्राधिकृत नोंद, म्हणजे कोणता शब्द मान्य ते ठरवणारी नोंद, उघडा. पुढचे आकडे नोंदीतल्या रकान्यांचे आहेत. नवा शब्द १५० मध्ये, जुना ४५० मध्ये. जुना पुसून टाकलात तर तो शब्द टाइप करणाऱ्या वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. मग पुस्तकाच्या नोंदीतलं ६५०, म्हणजे विषयाचा रकाना, त्या प्राधिकृत नोंदीला जोडा. शब्द तुमचा स्वतःचा असेल तर ६५० चा दुसरा निर्देशक (रकान्यापुढचा खुणेचा आकडा) ७ करा आणि उपक्षेत्र २ मध्ये शब्दाचा स्रोत द्या. निर्देशक ० राहिला तर तो लायब्ररी ऑफ काँग्रेसचा शब्द ठरतो. नुसतं ६५० बदलून थांबलात तर बाहेरून आयात केलेल्या पुढच्या नोंदीबरोबर जुनं शीर्षक परत हजर. २४५ ला, म्हणजे ग्रंथनामाच्या रकान्याला, मात्र हात लावायचा नाही. ग्रंथनाम छापलंय तसंच उतरवायचं, कितीही खुपलं तरी.

तिसवाडीकर: हे उपयोगी आहे. आणि 'ब्लॅक'चं काय करू? असोसिएटेड प्रेस ही अमेरिकी वृत्तसंस्था २०२० पासून इंग्रजीत त्यातला बी मोठा लिहिते. देवनागरीत मोठं अक्षर आणायचं कुठून?

सत्तरीकर: 'कृष्णवर्णीय'.

रायबंदर: म्हणजे 'वर्ण' आलाच ना मागच्या दाराने! सरळ 'ब्लॅक' लिहा. आणि शब्दच गाळायचे तर आपल्या गोव्याच्या चिकन काफ्रेआलचंही नाव बदला. पोर्तुगीज 'काफ्रे', त्याच्या मागे अरबी 'काफिर'. दक्षिण आफ्रिकेत याच मुळाचा शब्द कृष्णवर्णीयांसाठी शिवी आहे, कुणाला उद्देशून वापरलात तर खटला होऊ शकतो.

मांडवी: पाककृतीच्या पुस्तकाच्या नावात ते असेल, तर २४५ मध्ये राहील.

सत्तरीकर: आफ्रिकी माणसाला म्हणतात तो आपला 'खाप्री'ही त्याच 'काफ्रे'तून आला.

रायबंदर: छे, तो 'खापर'वरून. चुलीवरचं खापर काळंच असतं.

सत्तरीकर: कुंभाराकडून आणताना तांबडं असतं. व्युत्पत्ती अशी चुलीवर शिजवू नका.

तिसवाडीकर: मसुदा सोमवारी द्यायचाय हो.

रायबंदर: 'समता' लिहा म्हटलं ना.