अटारीचं टायमिंग: खरंच घट्ट, की नुसतं स्मरणरंजन?

खर्जातला_सा
काल इथे वाचलं, "अटारी एसटीवर क्युबेस चालवणं म्हणजे म्हातारचळ. लॅपटॉपवर तेच काम फुकटात होतं." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. अटारी एसटी हा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, क्युबेस हे संगीत रचायचं सॉफ्टवेअर. १०४० एसटी मॉडेलात ८ मेगाहर्ट्झचा ६८००० प्रोसेसर आणि एक मेगाबाइट मेमरी, बस. पण मिडीचे, म्हणजे कॉम्प्युटरकडून वाद्यांना सुरांचे निरोप नेणाऱ्या जोडणीचे, पोर्ट थेट मशीनच्या अंगावर. मध्ये ना यूएसबी, ना ड्रायव्हर, ना मागे चाललेलं कुठलं अपडेट. माझ्या ड्रम मशीनचा हाय-हॅट (झांज) लॅपटॉपवरून चालवला की डगमगतो, अटारीवरून ठोक्यावर पडतो. कान असतील तर ऐका.

शून्यमात्रा
'म्हातारचळ' मीच लिहिलं होतं, शब्द मागे घेत नाही. मिडीचा वेगच मुळात सेकंदाला ३१,२५० बिट. एका नोट-ऑनचे, म्हणजे 'सूर वाजव' या निरोपाचे, तीन बाइट जायला जवळपास एक मिलिसेकंद. सहा सुरांचा कॉर्ड एकाच केबलमधून पाठवा, शेवटचा सूर तीन ते पाच मिलिसेकंद मागेच पोचणार. मग मशीन अटारी असो नाहीतर त्याचा बाप.

खर्जातला_सा
तो उशीर दरवेळी तेवढाच असतो हो! तबलजी कायम केसभर मागे वाजवत असेल तर गवई जुळवून घेतो. कधी पुढे, कधी मागे झाला तर मैफल संपली. फरक कळतोय का, की सोडून देऊ?

डाँगलग्रस्त
टायमिंग गेलं खड्ड्यात. कार्ट्रिजच्या खाचेत ती डाँगल, म्हणजे परवान्याची किल्ली, खुपसल्याशिवाय क्युबेस उघडतच नाही, त्याचं काय? माझी घर बदलताना कुरियरमध्ये गहाळ झाली. मूळ फ्लॉपी आहे, पावती आहे, गाणी आहेत, सगळी कुलपात.

नियमानुसार
गाणी वेळीच मिडी फाइल म्हणून सेव्ह केली असती तर ही वेळ आली नसती. आता डाँगलशिवाय चालणारी क्रॅक शोधत बसाल. चोरी ती चोरीच.

डाँगलग्रस्त
पैसे मोजून घेतलेलं उघडलं तर चोर? स्वतःच्या घराचं कुलूप तोडणाऱ्यालाही आत टाकता का तुम्ही?

शून्यमात्रा
अवांतर: २०२२ मध्ये क्युबेस १२ पासून कंपनीनेच डाँगल बंद केली.

डाँगलग्रस्त
आणि लॉगिन आणलं! तेव्हा वस्तू हरवायची, उद्या त्यांचा सर्व्हर हरवेल. तेव्हा पावती कुणाच्या तोंडावर फेकू?

नियमानुसार
चालू द्या. चोरांना तत्त्वज्ञान फार.

खर्जातला_सा
अहो, धागा टायमिंगचा आहे!

शून्यमात्रा
बरं, जिटरचं, म्हणजे उशीर कमीजास्त होण्याचं, मान्य. खूश? पण पुरावा म्हणून जो ऑडिओ टाकाल, तो रेकॉर्ड कशावर करणार?

खर्जातला_सा
लॅपटॉपवर. आणि फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेक बसवलाय, पेनड्राइव्हवाला. घ्या हसून.

डाँगलग्रस्त
ते सगळं ठीक, जादा डाँगल आहे का कुणाकडे?