मदत हवी आहे: क्रीडा पत्रकारितेचं उन्हाळी शिबिर, मुलगी अकरावीत

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी शाळेच्या पेपरात बास्केटबॉलच्या मॅचेसवर लिहिते, आता उन्हाळ्यात क्रीडा पत्रकारितेचं शिबिर करायचं म्हणतेय. शिकागोजवळ इव्हन्स्टनला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिल या पत्रकारिता विभागाचं शिबिर बारावीत जाणाऱ्यांसाठी असतं, म्हणजे त्यात ती बसते. पण ते एकूण पत्रकारितेचं. निव्वळ खेळाची म्हणून जी सापडली, त्यांत बहुतेक भर कॉमेंट्रीवर आणि कॅमेऱ्यापुढे बोलण्यावर. हिला लिहायचंय! (बोलण्याचा सराव घरी भरपूर होतो.)

माहितीपत्रकं वाचली, शाळेतल्या काउन्सेलरनाही विचारलं. सगळीकडे 'प्रत्यक्ष अनुभव' एवढंच मोघम उत्तर. कॉलेज प्रवेशासाठी नुसता शिक्का नकोय, दाखवता येतील असे चांगले लेख हातात हवेत. ऑनलाइन नको. तिथे राहायला हरकत नाही, पण ऑगस्टमध्ये भारतात जातोय, त्यामुळे जुलैअखेर संपणारंच हवं.

ज्यांची मुलं अशा शिबिराला जाऊन आलीत त्यांनी सांगा: खरी मॅच दाखवून, खेळाडू-कोचशी बोलायला लावून, त्याच रात्री डेडलाइनवर बातमी लिहून घेतात का? आणि ती कुणी शेजारी बसून ओळीन्‌ओळ तपासतं, की 'छान' म्हणून परत देतात?