कमी लोक वापरतात म्हणून ब्राउझर सुरक्षित? मला तरी तसंच वाटतं

रानपाखरू
गेली सहा वर्षं पेल मून हा ब्राउझर वापरतोय. जुने अ‍ॅड-ऑन चालतात, जुन्या लॅपटॉपवर पळतो. परवा भाचा म्हणाला, मामा हे धोक्याचं आहे. मला नाही पटलं. जग सगळं क्रोमवर, मग आमच्या मूठभर लोकांसाठी कोण कशाला डोकं लावत बसेल?

दोन_पैसे
तुमच्यासाठी वेगळं डोकं लावायची गरजच नाही हो. पेल मूनचं गोआना इंजिन (वेबपान उघडून दाखवणारा गाभा) फायरफॉक्सच्या गेको इंजिनमधूनच फुटून निघालंय, म्हणजे गेकोच्या जुन्या कोडमधली चूक तुमच्याकडेही असू शकते, आणि मोझिलाने ती दुरुस्त केली की चूक नेमकी कुठे होती ते हल्ला करणाऱ्यालाही वाचायला मिळतं, तुमच्याकडे दुरुस्ती येईपर्यंत दार उघडंच. शिवाय २०१८ मध्ये स्पेक्टर (प्रोसेसरमधली चूक, जिच्यातून एक साइट दुसरीचा डेटा वाचू शकते) बाहेर आल्यावर क्रोमने प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे जणू स्वतंत्र खोलीत, टाकली, फायरफॉक्सने २०२१ ला. तुमच्याकडे सगळे टॅब अजून एकाच प्रोसेसमध्ये, बँकेचा पण.

रानपाखरू
आणि क्रोम काय धुतल्या तांदळासारखा? सप्टेंबर २०२३ आठवा, वेबपी फोटो उघडणाऱ्या एका लायब्ररीत भोक निघालं आणि क्रोम, एज, फायरफॉक्स सगळे एकदम उघडे. वर क्रोमने एक्स्टेंशनचे नवे नियम, मॅनिफेस्ट व्ही३, आणून जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन घालवलं. जाहिरातींतून मालवेअर येतो, तो कोण अडवणार?

चहाबिस्किट
युब्लॉकचा मुद्दा १००% मान्य, मीही त्याच्यासाठीच क्रोम सोडला. पण फायरफॉक्सवर ते अजून चालतंय की. आणि वेबपीचं म्हणाल तर क्रोमचा पॅच (दुरुस्ती) ११ सप्टेंबरला आला, फायरफॉक्सचा दुसऱ्याच दिवशी. भोकं सगळ्यांनाच पडतात, बुजवायला माणसं किती आहेत ते बघा. पेल मूनच्या जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या सर्व्हरवर कुणीतरी घुसून इन्स्टॉलरमध्ये मालवेअर घातला होता, २०१९ ला कळलं. टीम प्रामाणिक आहे, त्यांनी स्वतःच जाहीर केलं, पण हात कमी पडतात.

रानपाखरू
ठीक, बँक आणि मेल आजपासून फायरफॉक्सवर. वाचन मात्र पेल मूनवरच करणार, सगळ्यांनी दोन-तीन कंपन्यांच्याच इंजिनावर जायचं हे मला अजूनही चुकीचं वाटतं.

दोन_पैसे
त्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. पण लॅपटॉप एकच ना? पेल मूनमधून कोणी आत आलं तर त्याला तुमच्या युजरच्या सगळ्या फाइल दिसणार, त्यात फायरफॉक्सचं प्रोफाइलही (साठवलेले पासवर्ड, लॉगिन वगैरे) आलं. निदान पेल मूनसाठी वेगळा युजर अकाउंट तरी करा.